सरांसाठी प्लेटलेट देणाऱ्यांनी आधी हे वाचा

आपल्या धावण्याच्या सरांना प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) द्यायच्या म्हणून ग्रुपवर ठरलंय की रविवारी गोल्फ क्लब मैदानावरचा सराव संपवून सगळी मुलं एकदमच रक्तपेढीत जाणार. कृपया असं करू नका. प्लेटलेटची पिशवी ५ दिवसच टिकते, आणि सरांची केमो (कर्करोगावरची औषधं) आत्ताच सुरू झालीय. प्लेटलेट खऱ्या घसरतात त्या साधारण दुसऱ्या आठवड्यात. म्हणून रक्तगटासह यादी करा, पेढीचा फोन आला की दोघे-तिघेच जा.

धावपटू दोन कारणांनी हमखास परत पाठवले जातात. एक, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली. लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये हे फार दिसतं, तेव्हा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आधीच करून घ्या. दुसरं, दुखण्यावरच्या गोळ्या. अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर किमान ३ दिवस थांबावं लागतं. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक घेतली असेल तर तेही लपवू नका. वजन ५० किलोच्या वर हवं, प्लेटलेट दीड लाखाच्या वर.

जाताना तर्रीवाली मिसळ नको, तेलकटाने प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) दुधाळ होतो आणि पिशवी वाया जाते. पोळी-भाजी खा, भरपूर पाणी प्या. प्लेटलेट मशीनवर काढतात, त्याला तास-दीड तास लागतो. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, कॅल्शियम देतात. त्या दिवशी धावायचं नाही.

सरांच्या सख्ख्या नातेवाइकांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्त देऊ नये. पुढे बोनमॅरो (हाडातला मगज) प्रत्यारोपण करायची वेळ आली तर त्यात अडचण येऊ शकते.