कुत्र्यामुळे जुळलेली मैत्री खरी मानायची का?

राजेंद्रनगरची मावशी:
परवा मंडळाच्या कार्यक्रमात एक बाई मला म्हणाल्या, "कुत्रे फिरवताना झालेल्या ओळखी त्या. त्यांचं एवढं काय कौतुक!" मला ते लागलं, म्हणून विषय मांडते.

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांची स्थिती कुणाला सांगायला नको. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत. घरात दोघं, कुठे एकटंच माणूस. नोकरीतल्या ओळखी निवृत्तीनंतर विरल्या, नातेवाईक लग्नामुंजीत भेटतात. अशात रोज सकाळी माझी वाट बघणारी माणसं मला आमच्या लॅब्रॅडॉरने मिळवून दिली. एक सिंधी दुकानदार, एक निवृत्त पोस्टमास्तर, कोचिंगसाठी रीव्याहून आलेली आणि गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालणारी एक मुलगी. सासर-माहेरच्या गोतावळ्यात यांतलं कुणी मला भेटलं नसतं. मी तापाने पडले तेव्हा डबा त्या मुलीने आणला. तिची परीक्षा होती तेव्हा पहाटे तिला केंद्रावर सोडायला पोस्टमास्तर गेले.

हा फक्त माझा अनुभव नाही. ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली सॅन डिएगो, पोर्टलंड, नॅशव्हिल अशा चार शहरांतला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीव प्राणी असलेल्यांची शेजारपाजारी ओळख होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसली. आणि प्राण्यामुळे भेटलेल्या माणसांकडून आधार मिळाल्याचं सुमारे ४० टक्के पाळणाऱ्यांनी सांगितलं.

रामबागकर:
मावशी, ४० टक्क्यांना आधार मिळाला म्हणजे ६० टक्क्यांना नाही मिळाला. मी त्या साठांतला.

अकरा वर्षांची आमची कुत्री गेल्या पावसाळ्यात गेली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे फोन आले, दोघंजण घरीही येऊन गेले. मग मी एकटाच फिरायला जायला लागलो. घोळका नेहमीच्या जागी उभा असायचा आणि बोलणं चालू असायचं कुणाच्या खाजेवर, कुणाच्या जंताच्या गोळीवर. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं आणि मला विचारण्यासारखं त्यांच्याकडेही काही नव्हतं. इतकी वर्षं रोज भेटून माझी बायको काय करते हे त्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं! महिन्याभरात मी रस्ता बदलला. का येत नाही, असं विचारणारा एकही फोन आला नाही. मोठ्या जातीचं कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. त्याच्याबरोबर संपणाऱ्या ओळखीवर म्हातारपणाची भिस्त ठेवू नये, असं मी कळकळीने सांगतो.

लोकमान्यनगर:
रामबागकर, वाचून वाईट वाटलं. तरीही माझा अनुभव उलटा आहे, तो सांगतेच.

आमच्या देशी कुत्र्याला गोचीड ताप झाला. त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स कोसळतात. नाकातून रक्त थांबेना, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, आणि ते कुत्र्याचंच लागेल. आता ते रात्री कुठून आणायचं? देणारा कुत्रा साधारण पंचवीस किलोच्या वरचा, तरुण, निरोगी आणि सगळ्या लसी झालेला हवा. मी सकाळच्या गटावर दोन ओळी टाकल्या. अर्ध्या तासात एक गृहस्थ आपला जर्मन शेफर्ड घेऊन दवाखान्यात हजर! तोवर आमचं बोलणं "कसं काय, बरंय ना" याच्या पुढे गेलेलं नव्हतं. कुत्र्याच्या मानेवरचे केस काढून तिथल्या मोठ्या शिरेतून रक्त घेतात. हा माणूस पूर्ण वेळ त्याचं डोकं मांडीवर धरून, कानाशी बोलत बसला होता. आपलं जनावर दुसऱ्यासाठी सुईखाली द्यायला काळीज लागतं. त्यांच्या आईच्या ऑपरेशनला दवाखान्यातल्या रात्री मी आणि माझ्या नवऱ्याने वाटून घेतल्या. आता दिवाळीचा पहिला फराळ त्यांच्या घरी जातो.

टिळकनगर:
तुम्ही सगळे आपापसातल्या प्रेमाबद्दल बोलताय. बाहेरच्याला ते कसं दिसतं हेही ऐका.

आमच्या बागेचा एक कोपरा सकाळी कुत्रेवाल्यांचा. निम्मे कुत्रे मोकळे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माझी आई तिकडे जाणं सोडून बसली. माझ्या भाच्याला त्यांतल्याच एकाने पोटरीला चावा घेतला, तेव्हा सगळा घोळका एका सुरात म्हणाला, "तो असा नाहीच, मुलगाच पळाला असेल." पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत त्या पोराने पाच सुया घेतल्या. एकाही घरून विचारपूस नाही. जी मैत्री मित्राला "तुझं चुकलं" एवढंही म्हणू देत नाही, तिचं कौतुक मला सांगू नका. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरचं शहर म्हणून मिरवतो आपण, आणि त्या कोपऱ्यात पाय जपून टाकावा लागतो.

राजेंद्रनगरची मावशी:
टिळकनगर, भाच्याचं वाचून अंगावर काटा आला. त्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी जायला हवं होतं. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळ सांगतं आणि आमची मंडळी तेवढंच पाठ करतात. सामाईक जागेत पट्टा बांधा, घाण उचला, असंही तेच मंडळ सांगतं.

पण रामबागकर, तुमच्याशी माझं भांडण आहे. ऑफिस सुटलं की ऑफिसातले सुटतात, मुलांची शाळा संपली की शाळेतले पालक सुटतात. त्या मैत्र्यांना कुणी खोटं म्हणत नाही, मग आमच्याच मैत्रीवर हा शिक्का का? ओळख फाटकाशी होते. घरात बोलवायचं काम आपलं, ते कुत्रा करून देणार नाही.

रामबागकर:
मी तीनदा बोलावलं होतं, मावशी. चहाला. "याला एकटं ठेवता येत नाही" म्हणून कुणी आलं नाही. लोकमान्यनगरच्या ताईंना माणूस भेटला, मला घोळका भेटला. माझं मत तेच आहे.

खंडोबाचा भक्त:
एक मुद्दा राहिलाच. चंपाषष्ठीला आमच्या गल्लीत भरीत-रोडग्याचा घास कुत्र्यांनाही घालतात. होळकरांचं कुलदैवतच खंडोबा, इथे ही रीत जुनी. गल्लीतला कुत्रा कुणा एकाचा नसतो, म्हणून त्याच्या निमित्ताने जमणाऱ्यांत कुत्रा नसलेलेही असतात. रामबागकर, गल्लीतल्या कुत्र्यांचं लसीकरण आम्ही दरवर्षी करून घेतो. धरायला अनुभवी हात कमी पडतात. याल का?

टिळकनगर:
मावशी, पट्ट्याचं तुम्ही मान्य केलंत, बरं वाटलं. पण ते इथे लिहिणं सोपं आहे. तुमच्या घोळक्यात जो कुत्रा मोकळा सोडतो, त्याला उद्या सगळ्यांसमोर सांगाल का?

राजेंद्रनगरची मावशी:
सांगेन. तो सिंधी दुकानदारच आहे, आणि तो रागावणार हेही मला माहीत आहे.