मसाई मारा, ऑगस्ट: माणशी १५ किलोंत काय न्यावं?

मेधा:
नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये आम्ही चौघं (मुलं ९ आणि १३ वर्षांची) लंडनहून नैरोबी, तिथल्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मसाई मारा (केनियातलं अभयारण्य) आणि परतताना नैरोबीहून थेट पुणे, असं ठरलंय. मारापर्यंत माणशी १५ किलोच चालतं म्हणे. पुण्याचं सामानही सोबत आहे. कसं बसवावं?

श्रीरंग:
मेधाताई, कपड्यांआधी बॅगा ठरवा. त्या १५ किलोंत हातातली पिशवी आणि कॅमेराही धरतात. बॅग मऊ हवी, चाकं आणि सांगाडा नको; विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कडक बॅग शिरतच नाही. पुण्याचं सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवता येईल का, ते आधीच विचारून ठेवा.

कपड्यांचे तीन जोड पुरतात, कॅम्पवर धुऊन मिळतात. अंतर्वस्त्रं मात्र बरेच कॅम्प धुवायला घेत नाहीत, ती जास्त घ्या. रंग खाकी, मातकट. गडद निळ्या-काळ्याकडे त्से-त्से माशी ओढली जाते; तिचे सापळेसुद्धा त्याच रंगांच्या कापडाचे करतात. ती पातळ कापडातून चावते आणि डीटला (कीटक पळवायचं, अंगाला लावायचं औषध) फारशी जुमानत नाही. लष्करी छापाचे कपडे मुलांनाही नकोत.

मारा साधारण १५०० मीटर उंचीवर आहे. पहाटे उघड्या टपाच्या गाडीत चांगलंच गारठायला होतं आणि दुपारी ऊन तापतं. म्हणून एक जाड कोट नेण्यापेक्षा टी-शर्ट, फ्लीस आणि वारा अडवणारं जाकीट असे थर घ्या. कानटोपी हवीच.

दुर्बीण माणशी एक, ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची). यात काटकसर नको. चौघांत एक असली तर धाकट्याचा नंबर लागेपर्यंत बिबट्या गवतात गेलेला असतो. एकेक साधारण ७०० ग्रॅम भरते, ते वजन भरून काढायला ट्रायपॉड वगळा. गाडीत तो धड उभा राहत नाही. त्याऐवजी जुन्या जीन्सच्या पायाची चेनवाली पिशवी शिवून रिकामी न्या, तिथे दीड-दोन किलो तांदूळ भरा आणि टपाच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर येते. गाडीत लेन्स बदलू नका. धुळीसाठी कॅमेऱ्यावर सुती पंचा टाका, तो वाळतोही लवकर.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर केनियात ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, कापडी पिशव्या वापरा. ड्रोन घरीच ठेवा. प्लग तुमचे लंडनचेच (तीन चौकोनी पिनांचे) चालतात, भारतातले नाहीत. आणि लाडू-चिवडा तंबूत ठेवू नका, माकडं आत शिरतात. डबा कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या.

कल्पना:
मेधा, कागदांचं राहिलं. केनियातून निघाल्यावर ६ दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं, पासपोर्ट कुठलाही असो. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यावर १० दिवसांनी वैध होतं, तेव्हा मुलांच्या लशीची वेळ आत्ताच घे आणि कार्डावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघ.

मलेरियासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिलं, तर मलेरियाचा भाग सोडल्यावरही ७ दिवस गोळ्या घ्याव्या लागतात, म्हणजे पुण्यातही. मोजून घे. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहून घे. सनस्क्रीन आधी, डीट नंतर. आणि डीटचे हात पुसल्याशिवाय दुर्बिणीला लावू नका, त्याने प्लास्टिक खराब होतं.