मदत हवी आहे: १९५६ च्या शेव्हरोले वॅगनला कोणतं इंजिन बसवू?

मंडळी, गाडी १९५६ ची शेव्हरोले टू-टेन, चार दारांची स्टेशन वॅगन. पत्रा शाबूत, काचा जागच्या जागी. बॉनेटखाली मूळचंच २३५ क्यूबिक इंचाचं, म्हणजे साधारण ३.९ लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आणि मागे दोन गिअरची पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. इंजिन चालू होतं, पण आयडलला थरथरतं आणि चढावर दम टाकतं.

शर्यत लावायची नाही. घरची पाच माणसं, मागे भरपूर सामान आणि लांबचा रस्ता, एवढ्यासाठीच वॅगन घेतली आहे. त्यामुळे मला खालच्या आरपीएमला ओढ हवी. वरचे हॉर्सपॉवरचे आकडे दुसऱ्यांना लखलाभ.

डोक्यात तीन पर्याय घोळतायत. २३५ पूर्ण उघडून नवं करणं. नाहीतर शेव्हरोलेचाच कार्ब्युरेटरवाला स्मॉल ब्लॉक ३५०, म्हणजे ३५० क्यूबिक इंचाचा व्ही-८. याच कुळातला २६५ व्ही-८ शेव्हरोलेने १९५५ पासून याच बॉडीत दिला होता, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. किंवा २००० च्या दशकातल्या पिकअपमधला ५.३ लिटरचा इंजेक्शनवाला व्ही-८, त्याच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकसकट. ओळखीतले सगळे तिसऱ्याच्या बाजूने आहेत. मला मात्र वायरिंगची धास्ती वाटते.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो, ते मोजलं आहे. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. पुढून मागे: १२२, ११८, ७०, ६५, १२०, ११६ पीएसआय. तुम्ही काय कराल?

मागचीसीट: ५.३ छानच आहे, पण त्याच्यामागे किती कामं लागतात ते आधी मोजा. त्या इंजेक्शनला सुमारे ५८ पीएसआय इंधनदाब लागतो. तुमचा यांत्रिक पंप चार-पाचच्या आसपास देतो. म्हणजे टाकीत नवा पंप, नवी पाइपलाइन. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर. डावीकडे स्टिअरिंग बॉक्स एक्झॉस्टच्या आड येतो. नव्या गिअरबॉक्सला मागच्या टोकाशी आधार लागतो आणि तुमच्या चॅसीला तिथे आडवा दांडा (क्रॉसमेंबर) नाहीच, तो बसवावा लागेल. हे शेवटचं ३५० मागे नवी ऑटोमॅटिक लावली तरी चुकत नाही.

३५० चं एक बरं: सहा सिलिंडरवाल्या गाडीत रेडिएटर त्याच्या आधाराच्या चौकटीच्या पुढे असतो, तो तिथेच ठेवला तर व्ही-८ पुढे पंख्याला ऐसपैस जागा मिळते. एक्झॉस्टला रॅम्स हॉर्न (मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले) मॅनिफोल्ड घ्या, स्टिअरिंगला आडवे येत नाहीत. आणि कोणतंही इंजिन बसवा, ब्रेक आधी! चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक नळी फुटली की पेडल सरळ खाली. पाच माणसं बसवणार आहात ना?

तेलकट_हात: अहो थांबा, इंजिन कसलं बदलताय! आकडे परत वाचा. चार सिलिंडर ठणठणीत आणि पडलेले दोघे शेजारी शेजारी, ३ आणि ४. झिजलेलं इंजिन असं एका जागी पडत नाही. त्या दोन सिलिंडरांत चमचाभर तेल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. आकडा चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

धागाकर्ता: घेतलं. ७२ आणि ६८. म्हणजे चढलाच नाही म्हणायचं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, तेलही दुधाळ नाही.

तेलकट_हात: मग रिंगा नाहीत. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बहुतेक ३ आणि ४ च्या मधे फुटलं आहे, पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेलं नाही, म्हणून बुडबुडे नाहीत. व्हॉल्व्हही असू शकतात, पण दोन शेजाऱ्यांचे एकदमच जळणं जरा कठीण. दोन्ही गोष्टी हेड उतरवल्यावर कळतील आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागत नाही.

धागाकर्ता: समजा तेवढंच निघालं, तर सामानासकट लांब पल्ल्याला हे सहा सिलिंडर पुरेल?

तेलकट_हात: १९५६ ला याचे १४० हॉर्सपॉवर सांगितले होते आणि ओढ खालूनच आहे, तुम्हाला हवी तशी. अडचण पॉवरग्लाइडची. वरच्या गिअरला थेट एकास एक, त्यामुळे हायवेला इंजिन ओरडत राहतं. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याहून वरचा गिअर, मिळाला तर त्याच वेगाला आरपीएम ३० टक्के उतरतील. पैसे घालायचेच तर ब्रेकनंतर तिथे घाला.

हेड उतरवलंत की ३ आणि ४ मधल्या पट्टीचा फोटो टाका. गॅस्केटवर काळा जळका पट्टा दिसेल. हेड आणि ब्लॉक दोन्हीवर सरळ धारेची मोजपट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) फिरवा. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टाकलं तर तेही तिथेच फुटेल.

धागाकर्ता: शनिवारी उतरवतो. फोटो टाकतो.