मदत हवी आहे: एक्सआर18 मिक्सरसाठी कोणता टॅब घ्यावा?

मांडवातला साउंड:
नमस्कार मंडळी. मिक्सर बेहरिंगरचा एक्सआर18, म्हणजे स्टेजवर ठेवून टॅब किंवा लॅपटॉपवरच्या अॅपने चालवायचा डिजिटल मिक्सर. कामं म्हणजे भजन, कीर्तन, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, शाळांची गॅदरिंग. बहुतेक सगळं मांडवात नाहीतर उघड्या मैदानावर. आत्तापर्यंत स्टेजच्या कडेला लॅपटॉप ठेवून काम भागवलं. आता लोकांत उभं राहून मिक्स करायचं आहे. टॅब आणि बाकी लागेल ते धरून बजेट पंचवीस हजार. आयपॅड की अँड्रॉइड? आठ इंची चालेल का? सिमवाला घ्यावा का? मिक्सरला स्वतःचं वायफाय आहे, तरी राउटर लागतो का?

तारसप्तक:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे कुठे घालायचे ते त्यावरच ठरतं. राउटर लागतोच. एक्सआर18 चं आतलं वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि एका वेळी चारच उपकरणं घेतं. मिक्सर स्टेजवर, जमिनीलगत. समोर शेकडो माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन. त्यात माणसाचं शरीर वायफायची ही लहर शोषून घेतं. म्हणून रिकाम्या मैदानात साउंड चेक झकास होतो आणि लोक बसले की कनेक्शन तुटायला लागतं.

ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला, राउटर घ्या. मिक्सरवरचा स्विच इथरनेटवर करा आणि केबल राउटरच्या लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये (इंटरनेटची तार लावायच्या पोर्टात) नको. 2.4 बंद, फक्त 5 गिगाहर्ट्झ चालू. वायफायचा चॅनेल 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांतला हाताने निवडा, 'ऑटो' ठेवू नका. 52 ते 144 हे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले असतात. राउटरला रडारची चाहूल लागली की तो चालू कार्यक्रमात चॅनेल सोडून देतो. चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ पुरे, मिक्सरचा डेटा फारच थोडा असतो. राउटर स्टँडवर बांधून लोकांच्या डोक्यांच्या वर न्या, टॅबवरून थेट दिसला पाहिजे.

राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस द्याच. लाइटवरून जनरेटरवर जाताना क्षणभर वीज गेली तरी राउटर पुन्हा उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. मिक्सरही यूपीएसवरच हवा.

पेटी-पखवाज:
टॅबचं मी सांगतो. या मिक्सरचं अॅप आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हीवर आहे. शिवाय मिक्सिंग स्टेशन हे अॅप दोन्हीवर चालतं, त्यात फेडरची (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्यांची) मांडणी आपल्याला हवी तशी करता येते. म्हणजे तुमच्या कामाला अँड्रॉइड पुरेसा आहे. पुढे यामाहाचा टीएफ मिक्सर घ्यायचा विचार असेल तर मात्र आयपॅड बघा, त्याचं स्टेजमिक्स हे अॅप फक्त आयपॅडवर चालतं. साउंडक्राफ्टचा यूआय24आर मिक्सर तर ब्राउझरवरच चालतो, त्याला काहीही चालेल.

आठ इंची नको. बोट फेडरपेक्षा रुंद पडतं आणि घाईत शेजारच्या माइकचा फेडर सरकतो. दहा-अकरा इंच घ्या. नव्यात सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए9 प्लस: 11 इंच, 1920×1200, 5 गिगाहर्ट्झ वायफाय आहे. जुन्यात 2021 चा नवव्या पिढीचा आयपॅड, बॅटरी तपासून. मॉडेल कोणतंही असो, 5 गिगाहर्ट्झ वायफाय आहे की नाही ते खोक्यावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. रॅम 4 जीबी चालते.

सिमवाला अजिबात नको. तुमच्या राउटरवर इंटरनेट नसणार. ते दिसलं की सिमवाला टॅब आपणहून मोबाइल डेटाकडे वळू शकतो.

उन्हात या वर्गातले पडदे फिके पडतात. मॅट स्क्रीनगार्ड लावा आणि पुठ्ठ्याची किंवा फोमची सावली करा. आयपॅडसाठी अॅपलने 35 अंशांपर्यंतचीच हवा सांगितली आहे. मे महिन्यात दुपारी तीनला उघड्या मैदानात तो तापून सूचना दाखवतो आणि काम थांबतं. जाड कव्हर काढा, उन्हात चार्जिंगला लावू नका.

मांडवातला साउंड:
छान माहिती. मग अकरा इंची अँड्रॉइड, राउटर आणि यूपीएस असं ठरवतो. अॅपला मिक्सर सापडलाच नाही तर काय बघायचं? आणि ऐन कार्यक्रमात टॅब बंद पडला तर?

तारसप्तक:
सापडत नसेल तर आधी राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' (जोडलेली उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) किंवा गेस्ट नेटवर्क चालू आहे का बघा. त्यामुळे वायफायवरून मिक्सर दिसेनासा होऊ शकतो. मिक्सरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही, आणि अॅपमध्ये हातानेच टाका. आयपॅड असेल तर सेटिंगमध्ये त्या अॅपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी हवी. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहू का' असं अँड्रॉइड विचारतो, तिथे 'हो' म्हणा.

टॅब बंद पडला तरी आवाज थांबत नाही, मिक्स मिक्सरमध्येच चालू राहतो. खरा धोका अर्धवट कनेक्शनचा. आधी पडद्यावरचे आवाजाची पातळी दाखवणारे मीटर अडखळतात. मग फेडर पडद्यावर वर जातो, पण आवाज तसाच. आपण अजून ढकलतो, तेवढ्यात सिग्नल परत येतो, आवाज एकदम उडी मारतो आणि माइक शिट्टी मारतो. मीटर थांबले की हातही थांबला पाहिजे. मीटर पुन्हा हलायला लागले की फेडर खरे कुठे आहेत ते बघूनच हात लावा.

पेटी-पखवाज:
तुमचा लॅपटॉप विकू नका. तो केबलने राउटरला जोडून एक्स एअर एडिट (या मिक्सरचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) उघडून ठेवा. मिक्सरला चार म्यूट ग्रुप आहेत, म्हणजे एका बटणाने अनेक माइक एकदम बंद करता येतात. एकात सगळे गाण्याचे माइक टाका आणि ते बटण स्टेजजवळच्या सहकाऱ्याच्या फोनवर द्या. टॅब रुसला तर शिट्टी तोच तोडेल.