स्फोट मागच्या गाळ्यात, तडे भाड्याच्या घरात : दुरुस्ती कोणी करायची?

अंबडवासी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या भागात आम्ही भाड्याने राहतो. गेल्या महिन्यात आमच्या मागच्या रस्त्यावरील एका गाळ्यात व्यावसायिक गॅस सिलिंडरचा स्फोट झाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु मागच्या बाजूच्या सरकत्या खिडक्या चौकटीसह आत येऊन पडल्या, ओट्यावरच्या भिंतीचा गिलावा ढासळला आणि बाल्कनीच्या दाराची चौकट अशी हलली की कडी आता कोयंड्यात बसत नाही. घरमालकांचे उत्तर एका वाक्याचे आहे : ‘स्फोट मी केला नाही, ज्याने केला त्याच्याकडून भरून घ्या.’ भाडे मात्र पाच तारखेला नेहमीप्रमाणे मागितले गेले.

माझ्या मते दुरुस्ती आधी घरमालकाने करावी आणि खर्चाची वसुली नंतर गाळेवाल्याकडून करावी. घरमालकाचा यात दोष आहे, असे मी म्हणतच नाही. प्रश्न मालकीचा आहे. भिंत त्यांची, त्या भिंतीचा विमा उतरवण्याचा हक्क त्यांचा आणि तिच्या नुकसानीची भरपाई मागण्याचा अधिकारही त्यांचाच. मी गाळेवाल्याकडे गेलो, तर फुटलेल्या भांड्यांचे आणि फ्रिजचे पैसे मागू शकेन. भिंतीचे कोणत्या नात्याने मागू? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे, आणि त्या कलमात ‘नुकसान कोणी केले’ अशी विचारणा नाही.

पंचवटीकर

मी घरमालक आहे. वडिलांनी बांधलेल्या घराचा वरचा मजला भाड्याने देतो आणि त्या भाड्यावर आमच्या औषधपाण्याचा बराचसा भार निघतो, हे आधीच सांगून टाकतो. घरमालक म्हटला की तिजोरीवर बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

‘आधी तुम्ही खर्च करा, मग वसूल करा’ हे लिहायला सोपे आहे. डोंबिवलीत 26 मे 2016 रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आसपासच्या घरांचे पंचनामे झाले आणि तरीही भरपाईसाठी रहिवाशांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. 23 मे 2024 रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत पुन्हा स्फोट होऊन पुन्हा घरांच्या काचा फुटल्या. एवढ्या मोठ्या दुर्घटनेत ही गत असेल, तर एका गाळेवाल्याकडून मी काय वसूल करणार? शिवाय आपण उद्धृत केलेल्या कलमातच ‘भाडेकरूने करारात याविरुद्ध काही मान्य केले नसेल तर’ अशी अट आहे. आपला करार आपण नीट वाचला आहे काय?

जुने सीबीएस

वकिलीच्या निमित्ताने असे करार रोज पाहतो, म्हणून लिहितो. दोघांच्याही युक्तिवादातून एक गोष्ट निसटते आहे. नाशिकमध्ये आज दिली जाणारी बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर, म्हणजे केवळ वापराच्या परवान्यावर, दिली जातात, आणि असा परवानाधारक 1999 च्या कायद्याच्या अर्थाने सहसा ‘भाडेकरू’ ठरत नाही. त्यामुळे कलम 14 त्याच्या हाती लागेलच, असे गृहीत धरू नये. त्याचा खरा आधार करारातील दुरुस्तीचे कलम हाच आहे. छापील नमुन्यांत ‘किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने, मोठी दुरुस्ती मालकाने’ असे वाक्य पुष्कळदा असते. चौकटीसह उखडलेल्या खिडकीला किरकोळ म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

जो खरोखर भाडेकरू आहे, त्यानेही हिशेब पाहावा. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. दरमहा 12,000 रुपये भाडे असेल तर ही मर्यादा 36,000 रुपयांची होते.

भरपाईच्या वाटाही अरुंद आहेत. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, 1991 धोकादायक पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक हाताळणाऱ्यांसाठी आहे. चार सिलिंडर ठेवणाऱ्या गाळ्याला तो लागू होईलच असे नाही. तेल कंपन्यांच्या विम्यात मालमत्तेच्या नुकसानीचे संरक्षण ग्राहकाच्या नोंदणीकृत जागेपुरते असते. शेजाऱ्याचे घर त्यात बसत नाही.

चौथी स्कीम

सिडकोत राहणारा माणूस म्हणून एक अप्रिय गोष्ट लिहितो. पुष्कळदा घरमालक दुरुस्तीला भीत नाहीत, पंचनाम्याला भितात. मूळ घरावर परवानगीशिवाय मजला चढवलेला असतो, आणि महसूल खात्याचा माणूस किंवा विम्याचा सर्वेक्षक आला की ‘हा मजला मंजूर नकाशात कुठे आहे?’ हा प्रश्न येतो. मग ‘गाळेवाल्याकडे जा’ हे सर्वांत स्वस्त उत्तर ठरते. अंबडवासी यांच्या घरमालकांबद्दल मी हे म्हणत नाही, पण पंचनाम्याची प्रत त्यांच्याकडे मागून पाहावी.

पंचवटीकर

हा आरोप सरसकट आहे. माझ्या घराचा नकाशा मंजूर आहे आणि तरीही घराचा विमा मी आजवर उतरवलेला नाही. आमच्या गल्लीत कोणी उतरवल्याचे ऐकलेही नाही.

अंबडवासी

हाच तर माझा मुद्दा आहे. भारत गृह रक्षा ही प्रमाणित विमा योजना 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध आहे आणि आगीबरोबर स्फोटाने झालेले नुकसानही तिच्यात येते. इमारतीचा विमा मालकाने उतरवायचा असतो. मला उतरवता येतो तो माझ्या सामानाचा. जोखीम कमी करण्याचे साधन ज्याच्या हाती होते आणि ज्याने ते वापरले नाही, त्याने तिचा भार भाडेकरूवर ढकलावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

करार मी वाचला. मोठी दुरुस्ती मालकाची, असेच त्यात आहे. पंचनाम्याची प्रतही मागितली आहे. सध्या खिडक्यांना प्लायवूड ठोकले आहे आणि मागची खोली वापरात नाही. तेवढ्या खोलीपुरते भाडे कमी करावे, एवढीच माझी मागणी आहे.

पंचवटीकर

खिडक्या आणि दार ही सुरक्षिततेची बाब आहे. मी आपला घरमालक असतो, तर ते काम पंचनामा होताच, छायाचित्रे घेऊन, स्वखर्चाने करून दिले असते. गिलाव्याच्या आत तडा किती खोल गेला आहे हे अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्याला हात लावला नसता. भाडे मात्र कमी केले नसते. त्या खोलीचा उपयोग माझ्या हलगर्जीपणामुळे थांबलेला नाही, आणि दुरुस्तीचा खर्च करायचा त्याच महिन्यात उत्पन्नही घटवायचे, हे मला मान्य नाही.

जुने सीबीएस

खोली किती दिवस बंद राहते, यावर ते ठरावे. आठवडाभरासाठी भाडेकपात मागणे ताणल्यासारखे होईल. पण लेखी कळवूनही काम दोन-दोन महिने रखडले, तर ‘माझा हलगर्जीपणा नाही’ हे वाक्य पंचवटीकरांनाही म्हणता येणार नाही. अंबडवासी यांनी आजच तारीख घालून पत्र द्यावे आणि पोच घ्यावी.