मदत हवी आहे: सारख्या होणाऱ्या सर्दीसाठी बीटा ग्लुकन – ओट्सचं, यीस्टचं की मशरूमचं?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षभरात मला सात वेळा सर्दी-खोकला झाला. आकडा अंदाजाने सांगत नाहीये, कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या आहेत. दर वेळी क्रम तोच: आधी घसा धरतो, मग नाक वाहतं आणि शेवटी पंधरा-वीस दिवस खोकला रेंगाळतो. मी बालवर्गाला शिकवते. मुलं शिंकत-खोकत अंगाशी येतात, त्यांना दूर कसं ठेवणार? हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, सगळं तपासून झालं, सगळं ठीक आहे. डॉक्टरांचं म्हणणं, लहान मुलांत वावरणाऱ्यांना एवढं होतंच. ते खरं असेलही, पण खोकल्याने आवाज बसला की माझं शिकवणंच थांबतं.

एका मैत्रिणीने बीटा ग्लुकन सुचवलं. उत्साहाच्या भरात मी चौकशी न करता तीन डब्या आणल्या. तिन्हींवर मोठ्या अक्षरांत बीटा ग्लुकन आणि रोगप्रतिकारशक्ती असे शब्द आहेत. लेबलं वाचायला बसले तेव्हा कळलं की एक ओट्सपासून केलेली आहे, दुसरी यीस्टपासून (२५० मिलिग्रॅम) आणि तिसरी मशरूमच्या अर्काची. तेव्हापासून वाचते आहे. जेवढं समजलं ते लिहिते, चुकत असेन तर सांगा.

बीटा ग्लुकन म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. पण साखळीतले दुवे कसे जोडले आहेत त्यावर सगळं अवलंबून आहे. ओट्स आणि बार्लीत १,३ आणि १,४ अशी जोडणी असते (हे आकडे म्हणजे ग्लुकोजमधले कितव्या क्रमांकाचे कार्बन जोडले आहेत ते). ही साखळी सरळ असते, पाण्यात विरघळते आणि आतड्यात चिकट लगदा तयार करते. यीस्ट आणि मशरूममध्ये मुख्य साखळी १,३ जोडणीची आणि तिला १,६ जोडणीच्या फांद्या. शरीराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. आपल्या भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ग्राहक रेणू असतो. तो बीटा ग्लुकन ओळखतो, हे २००१ साली दाखवलं गेलं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत हे द्रव्य असतं आणि माणसाचं शरीर ते कधीच बनवत नाही, म्हणून ते दिसलं की या पेशी सावध होतात. हे वाचून मला खरंच आनंद झाला, कारण निदान यामागे काहीतरी ठोस आहे.

ओट्सवाल्या डबीबद्दल मात्र माझा भ्रमनिरास झाला. ओट्सच्या बीटा ग्लुकनचा पक्का पुरावा आहे तो कोलेस्टेरॉलसाठी. रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं उतरतं, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्येच तसा दावा करायला मान्यता दिली. सर्दीचं काय? २००८ मध्ये ३६ सायकलपटूंवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना रोज ५.६ ग्रॅम ओट बीटा ग्लुकन दिलं होतं. प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच वस्तू) घेणाऱ्यांच्या तुलनेत ना श्वसनसंसर्ग कमी झाले, ना प्रतिकारशक्तीच्या मोजमापांत फरक पडला. मग डबीवर रोगप्रतिकारशक्ती कशाच्या आधारावर छापलंय?

आता माझे प्रश्न. यीस्ट आणि मशरूम या दोघांची माणसांवर समोरासमोर तुलना झाली आहे का? मला सापडल्या त्या तुलना उंदरांवरच्या किंवा काचपात्रातल्या पेशींवरच्या. यीस्टच्या चाचण्यांत कुठे रोज २५० मिलिग्रॅम आहे, कुठे ९००. मग मी कोणता आकडा धरू? मशरूमच्या डबीवर फक्त ‘पॉलिसॅकराइड्स (म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) ४० टक्के’ असं आहे, त्यातलं बीटा ग्लुकन किती ते कसं ओळखायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: आईला आमवात आहे, ती मेथोट्रेक्सेट घेते. माझ्या डब्या पाहून ‘मलाही दे, मलाही सारखी सर्दी होते’ म्हणाली. तिला दिलं तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. आईंना देऊ नका. निदान त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तरी नको. आमवातात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते आणि मेथोट्रेक्सेट तिला आवरून धरतं. त्याच यंत्रणेला डिवचण्यासाठी विकली जाणारी वस्तू आपल्या मनाने सुरू करणं योग्य नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनाही हेच लागू. आणि मेथोट्रेक्सेटवर असताना आईंना सारखी सर्दी होत असेल तर ती गोष्ट स्वतंत्रपणे डॉक्टरांच्या कानावर घाला. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या.

मशरूमच्या लेबलबद्दल. मी औषधांच्या दुकानात काम करतो आणि हा घोळ रोज पाहतो. ‘पॉलिसॅकराइड्स’ हा फार ढोबळ शब्द आहे. स्टार्च हासुद्धा पॉलिसॅकराइडच, फक्त तो अल्फा ग्लुकन, म्हणजे ग्लुकोजचीच पण वेगळ्या जोडणीची साखळी. काही उत्पादनांत मशरूमचं फळ वापरलेलंच नसतं. धान्यावर बुरशीचे तंतू वाढवतात आणि धान्यासकट सगळं दळून भुकटी करतात. अशा भुकटीत स्टार्च भरपूर आणि बीटा ग्लुकन कमी असतं, तरी पॉलिसॅकराइड्सची टक्केवारी मात्र दणदणीत दिसते. म्हणून लेबलवर बीटा ग्लुकनचा वेगळा आकडा आहे का ते पाहा. नसेल तर कंपनीला लिहून विचारा: बीटा ग्लुकन किती, अल्फा ग्लुकन किती, फळ वापरलं की तंतू? उत्तर आलं नाही तर ती डबी तुलनेतून बाद समजा.

यीस्टच्या डबीवरही एक गोष्ट बघा. ‘यीस्ट २५० मिलिग्रॅम’ आणि ‘१,३/१,६ बीटा ग्लुकन २५० मिलिग्रॅम’ यांत मोठा फरक आहे.

प्रतिसाद २

मी लांब पल्ल्याचं धावते. दोन हंगाम यीस्टचं घेतलं, रोज २५०. पहिल्या हंगामात एकदाही आजारी पडले नाही आणि सगळ्यांना सांगत सुटले. दुसऱ्या हंगामात, तीच गोळी घेत असताना, तीनदा पडले. माझ्या अनुभवावरून तुम्ही काही ठरवू नका एवढंच सांगायचं होतं. त्रास मात्र काही झाला नाही.

प्रतिसाद ३

धाग्यात दोन गोष्टींची भर घालतो.

डेक्टिन-१ बद्दल तुम्ही लिहिलंत त्याच्या पुढचा भाग जास्त रंजक आहे. २०११ मध्ये असं दिसलं की विरघळलेलं बीटा ग्लुकन या ग्राहकाला चिकटतं, पण त्याला नीट जागं करत नाही. घन कण पेशीला येऊन भिडला तरच इशारा आत जातो. बुरशी खरोखर अंगाला भिडली आहे की तिचे तुकडे नुसते आसपास तरंगताहेत, हे पेशीला त्यातून कळतं. म्हणून विरघळणारं आणि न विरघळणारं असा भेदही लेबलवर पाहायला हवा, निव्वळ मिलिग्रॅम पाहून भागत नाही. अर्थात हे पेशींच्या पातळीवरचं झालं. त्यावरून सर्दी किती कमी होईल हे थेट काढता येत नाही.

दुसरी गोष्ट, चाचण्यांचे आकडे. यीस्टच्या ९०० मिलिग्रॅमची २०१३ मधली चाचणी १६२ लोकांवर, १६ आठवड्यांची होती. तीत सर्दीची संख्या सुमारे २५ टक्के कमी भरली. त्याच मात्रेची, तेवढ्याच आठवड्यांची २०१९ मधली चाचणी मोठी, २९९ जणांवरची. तीत सर्दी होण्याची संख्या कमी झाली नाही, पण झालेल्या सर्दीची तीव्रता पहिल्या आठवड्यात थोडी कमी होती. मशरूमपैकी ऑयस्टर मशरूमच्या प्लुरान नावाच्या बीटा ग्लुकनची मुलांवरची चाचणी लक्षात ठेवण्याजोगी आहे: १७५ मुलं, आणि उपचाराच्या काळात एकही श्वसनसंसर्ग न झालेली मुलं ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात २१ टक्के. दोन्ही गटांना क जीवनसत्त्व दिलेलं होतं, त्यामुळे फरकाचं श्रेय त्याला देता येत नाही. पण मुलांवरचा हा निकाल मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये. यांतल्या बऱ्याच चाचण्यांना उत्पादकांचा पैसा आहे, तेही ध्यानात असू द्या.

आता तुमच्यापुरता हिशोब करा. सगळ्यात चांगला आकडा, २५ टक्के, धरला तरी सातच्या जागी पाच सर्द्या होतील. वर्षावर्षांत एवढा चढउतार आपोआपही होतो. म्हणजे गोळी लागू पडली की यंदा वर्गात साथच कमी होती, हे तुम्हाला नुसत्या संख्येवरून कळणार नाही. दर सर्दीत किती दिवस शिकवता आलं नाही ते मोजा. २०१९ च्या चाचणीतही फरक दिसला तो तीव्रतेतच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला फोन करून सांगितलं की तुला देत नाही. थोडी रुसली, पण पुढच्या तपासणीला मी सोबत जाते आहे आणि सर्दीचं, लसींचं तेव्हाच विचारणार आहे.

मशरूमवाल्या कंपनीला तिन्ही प्रश्न लिहून पाठवले आहेत. यीस्टच्या डबीवर मागे बारीक अक्षरांत १,३/१,६ बीटा ग्लुकन २५० मिलिग्रॅम असं सापडलं, तेही न विरघळणारं. शाळा सुरू झाली की ते १६ आठवडे घेईन, आणि कॅलेंडरवर आता दोन रंग: एक सर्दीच्या दिवसांसाठी, एक आवाज बसल्याच्या दिवसांसाठी. ओट्सची डबी नवऱ्याला दिली, त्याचं एलडीएल जास्त आहे. पण एका चमच्यात बीटा ग्लुकन जेमतेम १ ग्रॅम आहे, म्हणजे ३ ग्रॅमसाठी त्याला दिवसातून तीनदा घ्यावं लागेल.

एक प्रश्न उरलाच. ९०० मिलिग्रॅमची चाचणी आणि माझी २५० ची गोळी, यांत मात्रा वाढवण्यात काही अर्थ आहे का? कोणी डॉक्टरांशी याबद्दल बोललं असेल तर कृपया लिहा.