हाँग म्युंग-बोला पुन्हा कोच करायची गरज होती का?

बिनपगारी स्टॉपर
शुक्रवारी, १० ऑक्टोबर २०२५ ला, दुपारी साडेचारला ऑफिसात मॉनिटरला मोबाईल टेकवून दक्षिण कोरिया-ब्राझील फुटबॉल बघितला. सोलमधला मैत्रीपूर्ण सामना, निकाल ०-५. ब्राझीलकडून हरण्यात लाज नाही. पण कोरिया तीन स्टॉपर (मधले बचावपटू) घेऊन उतरली होती, आणि फाटक उघडं राहिल्यावर गुरं आत शिरावीत तसे एस्तेव्हाव आणि रॉड्रिगो त्या तिघांच्या मधून आत शिरत होते. दोघांचे दोन-दोन गोल. किम मिन-जेसारखा गडी सुद्धा पायातला बॉल घालवून बसला. आणि हे सगळं रेषेबाहेर हाताची घडी घालून बघत उभा कोण, तर कोरियाचा कोच हाँग म्युंग-बो. तिघांतला मधला म्हणून आशियात ज्याला तोड नव्हती तो.

ज्यांनी त्याला खेळताना बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९० ते २००२ सलग चार वर्ल्ड कप, देशासाठी एकूण १३६ सामने. १९९४ ला डॅलसमध्ये स्पेन आणि जर्मनी दोघांनाही गोल, बॅकचा खेळाडू असून. २००२ ला कर्णधार, संघ चौथा, आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत जर्मनीचा कान आणि ब्राझीलचा रोनाल्डो यांच्यानंतर तिसरा नंबर याचा. ग्वांगजूला स्पेनविरुद्ध पेनल्ट्या चालू होत्या, ली उन-जेने होआकिनची अडवली आणि शेवटची मारायला हा आला. मारली, आणि जन्मात न हसणारा माणूस दोन्ही हात पसरून हसत पळत सुटला. तो हसरा चेहरा मी विसरलेलो नाही.

पण कोच म्हणून? २०१४ ला ब्राझीलमध्ये एक बरोबरी, दोन पराभव, गटात तळाला. क्लबात बाकावर बसून गंजलेल्या पार्क चु-यंगला नेलं आणि पहिल्या मॅचपासून खेळवलं, कारण काय तर २०१२ ला हाँगनेच नेलेल्या लंडन ऑलिंपिक संघातला आपला माणूस. दहा वर्षांनी त्याच खुर्चीवर त्यालाच बसवलं. माझं म्हणणं एवढंच: तो उत्तम लिबेरो (बचावफळीच्या मागचा मोकळा खेळाडू) होता कारण आपल्या माणसांच्या चुका मागे राहून निस्तरायचा. कोचला ती सवय मारक. कोचने चूक करणाऱ्याला बाहेर काढायचं असतं.

रंकाळा_९
स्टॉपरराव, लिहिलंय झकास, पण अर्धं सांगितलंय. पार्क चु-यंग रशियाविरुद्ध ५६ व्या मिनिटाला बाहेर. त्याच्या जागी आलेल्या ली गन-होनेच गोल केला (अकिनफेएव्हच्या हातातून साबणासारखा निसटला ती गोष्ट वेगळी). अल्जेरियाविरुद्ध पुन्हा तासाभराच्या आत बाहेर. बेल्जियमविरुद्ध तर पहिल्या अकरात नाहीच. मग ‘बाहेर काढत नाही’ कसं म्हणता?

बिनपगारी स्टॉपर
अहो, अल्जेरियाविरुद्ध मध्यंतरालाच ०-३ होतं! पोरगं विहिरीत पडल्यावर कठडा बांधून काय उपयोग. आणि याच माणसाने २००२ च्या आपल्या कोचकडून, हिडिंककडून, काय शिकायला हवं होतं ते बघा. २००२, इटली, कोरिया ०-१ ने मागे, सात-आठ मिनिटं उरलेली. हिडिंकने कर्णधारालाच, म्हणजे खुद्द हाँगला, बाहेर बोलावलं आणि चा दू-री हा फॉरवर्ड आत टाकला. पाचच मिनिटांत सोल गी-ह्यनची बरोबरी, मग आन जुंग-ह्वानचा मॅच तिथेच संपवणारा गोल्डन गोल. ज्याला स्वतःला असं बाहेर काढलं आणि त्यामुळे संघ जगला, त्याला हे कळू नये?

तात्या बेरकी
+१. इटलीवाले अजून रेफरीच्या नावाने बोटं मोडतात, पण तो वेगळा धागा होईल.

सुवॉनकर
सहा वर्षं इथे कोरियात नोकरी करतोय. ‘आपला माणूस’ हा आरोप तुम्ही नवा लावलेला नाही. २०१४ ला इथल्या पेपरांनी या खेळाला ‘उइरी’चं फुटबॉल म्हणून हिणवलं होतं. उइरी म्हणजे शब्दाला आणि माणसाला जागणं. एरवी फार मोठा गुण, त्या वर्षी शिवी झाला. संघ इंचॉन विमानतळावर उतरला तेव्हा लोकांनी ‘यत’ फेकले. तो आपल्या चिक्कीच्या भावंडातला चिकट गोड पदार्थ, पण ‘यत खा’ म्हणजे इथे चक्क शिवी. खेळाडूंच्या पायाशी पडलेल्या त्या गोळ्यांचा फोटो आजही कुणीतरी दर पराभवानंतर वर काढतं.

पण त्याच उइरीची दुसरी बाजू लंडनची. तेव्हा इथे जवळजवळ दोन वर्षं सैन्यात जावं लागायचं. ऑलिंपिकमध्ये कुठलंही पदक मिळालं तर ते टळतं, एशियाडला मात्र सुवर्णच लागतं. २०१० च्या चीनमधल्या ग्वांगझू एशियाडमध्ये हाँगची पोरं उपांत्य फेरीत अमिरातीकडून हरली आणि कांस्यावर थांबली, म्हणजे सवलत नाही. पार्क चु-यंगने मोनॅकोच्या रहिवासी परवान्यावर सैन्यसेवा पुढे ढकलली तेव्हा सगळा देश त्याच्यावर उखडला होता. हाँग त्याच्या शेजारी पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला, हा गेला नाही तर याच्या जागी मी जाईन. मग कार्डिफमध्ये जपानविरुद्ध कांस्यासाठीची मॅच, पहिला गोल पार्कचा, दुसरा कू जा-चलचा, २-०. आणि मॅच संपत आली तेव्हा किम गी-ही आत आला, तोवर स्पर्धेत एक मिनिटही न खेळलेला. मैदानात पाय लागल्याशिवाय सवलत मिळत नव्हती, म्हणून. त्या तीन-चार मिनिटांनी एका पोराची दोन वर्षं वाचली. असा कोच पोरं डोक्यावर घेणार नाहीत तर काय?

रंकाळा_९
हेच म्हणतोय मी! आणि स्टॉपरराव, किम यंग-ग्वनचं नाव तुम्ही सोयीने गाळलंत. २००९ च्या वीस वर्षांखालच्या संघापासून हाँगचाच शागीर्द, तोही तुमच्यासारखाच स्टॉपर. २०१४ ला त्याच्यावर देशभर थट्टा झाली. चार वर्षांनी कझानमध्ये जर्मनीला घरी पाठवणारा पहिला गोल कुणाचा? त्याचाच. पुढे हाँगनेच त्याला आपल्या उल्सान क्लबात आणलं आणि २०२३ ला तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उल्सान १७ वर्षं विजेतेपदाला तहानलेलं होतं, हाँगने २०२२ आणि २०२३ लागोपाठ मिळवून दिलं. आमच्या कोल्हापुरात पेठेच्या संघाला असं दोन वर्षं जिंकून दिलं असतं तर त्याची मिरवणूक अजून संपली नसती. माणसं ओळखतो की नाही मग?

चाफेकळी
फुटबॉल मला फारसं कळत नाही, पण नेमणूक कशी झाली ते वाचलं होतं. आधीचा कोच क्लिन्समन, त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं. पाच महिने शोधाशोध केली. पोयेत आणि वाग्नर या उमेदवारांना भेटायला अधिकारी युरोपात गेले, परत आले आणि रात्री थेट हाँगकडे. निवड समितीतल्याच पार्क जू-होने यूट्यूबवर सगळं फोडलं. प्रकरण संसदेत गेलं. मुलाखती इतरांच्या आणि नोकरी शेजाऱ्याला, हे आपल्याकडे रोज बघतो, तिकडेही तेच बघून बरं वाटलं की वाईट, ठरवता येत नाही.

रंकाळा_९
चाफेकळीताई, तो दोष कोरियाच्या फुटबॉल महासंघाचा. क्रीडा मंत्रालयाच्या चौकशीत प्रक्रियेत गडबड निघाली, पण करार रद्द करण्याइतकं कारण नाही असंही तेच म्हणाले. महासंघाचे अध्यक्ष चुंग मोंग-ग्यू २०१३ ला बसले, एवढं होऊन २०२५ च्या फेब्रुवारीत चौथ्यांदा निवडून आले. शिव्या मात्र कोचला. पॅलेस्टाईनबरोबर ०-० झालं तेव्हा स्वतःच्याच स्टेडियममध्ये अशी हुर्यो की मॅचनंतर किम मिन-जे प्रेक्षकांपुढे जाऊन उभा राहिला.

सुवॉनकर
एक दुरुस्ती. महासंघाचा दोष आहेच, पण हाँग बिचारा वगैरे नाही. २०१७ ते २०२० तो त्याच महासंघाचा सरचिटणीस होता, घर आतून ओळखतो. आणि उल्सानच्या लोकांना काळजी करू नका म्हणून आठवडा झाला नव्हता तोच भर हंगामात निघून गेला. शेवटच्या मॅचला त्यांनी जे फलक लावले त्यात ‘खोटारडा’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द. उइरीचा एवढा पुतळा, आणि घाव घातला तो उइरीवरच.

बिनपगारी स्टॉपर
सुवॉनकर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माणसाला जागतो म्हणून मी त्याला नावं ठेवत होतो, आणि इथे उल्सानची तक्रार नेमकी उलटी.

रंकाळा_९
पात्रता फेरी आकड्यांत बघा आणि मग बोला. दहा सामने, सहा विजय, चार बरोबरी, पराभव शून्य. जूनमध्ये बसरात इराकला २-० हरवून सलग अकरावा वर्ल्ड कप पक्का.

बिनपगारी स्टॉपर
बघितले की. त्या चार बरोबऱ्यांपैकी तीन घरच्या मैदानावर. पॅलेस्टाईन, ओमान, जॉर्डन. सन ह्युंग-मिन, ली कांग-इन आणि किम मिन-जे हाताशी असताना. पात्र तर कुणीही केलं असतं हो. एक मात्र मान्य करतो, तीन स्टॉपरचा प्रयोग आत्ता फसलेला बरा, पुढच्या जूनमध्ये वर्ल्ड कपला फसण्यापेक्षा. गेल्या महिन्यात याच रचनेने अमेरिकेला २-० हरवलं होतं, तेव्हा मी काहीच लिहिलं नव्हतं, हेही खरं.

तात्या बेरकी
स्टॉपरने स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला. नोंद घ्यावी.

सुवॉनकर
मंगळवारी रात्रीची भर: पॅराग्वेविरुद्ध २-०. मी गेलो होतो. ब्राझीलला ६३ हजार माणूस होतं, या मॅचला २२ हजारांच्या आसपास. वरचा मजला जवळपास रिकामा. माझ्या शेजारी साठीचे एक आजोबा लाल टी-शर्टात, पाठीवर २० नंबर आणि हाँगचं नाव, २००२ चा असावा इतका विटलेला. दोन्ही गोलांना उठून टाळ्या वाजवल्या. मॅच संपल्यावर पडद्यावर कोच दिसला तेव्हा मात्र खाली बसून शांतपणे थर्मासचं झाकण लावत होते.